नुसतं वाचलं, आणि नऊ छप्परं उतरली

मंडळी, जरा सैल होऊन बसा. पान लावायचं असेल तर लावून घ्या, कारण गोष्ट माझ्या फजितीची आहे आणि फजिती घाईनं सांगता येत नाही. एकाच माणसानं अर्धंमुर्धं ऐकून अख्ख्या गल्लीच्या डोक्यावरचं गवत कसं उतरवलं, ते सांगतो. तो माणूस कोण, असं विचारू नका. तोच तुमच्यापुढं बसला आहे.

मला तुम्ही ओळखताच. संपत माळी. अमरावतीत वेशीजवळ राहतो, मळ्यातली फुलं नि भाजी विकतो. पंतोजींकडं दोन वर्षं गेलो, त्यामुळं मोडी अक्षर लावता येतं आणि बाराखडी पाठ आहे. तेवढ्या शिक्षणावर माणूस दुसऱ्याच्या घरची चिठ्ठी वाचू शकतो, म्हणजे पुरेसंच झालं. शेजाऱ्यापाजाऱ्यांची मला काळजी फार. माझी बायको त्याला काळजी म्हणत नाही. तिचं माहेर अकोल्याचं, जीभ तिकडच्या उन्हासारखी. ती म्हणते, देवानं तुम्हाला दोनच कान दिले हे गावावर उपकार झाले.

तर ते कापसाच्या सोन्याचे दिवस. समुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडं तोंड वासून बघायला लागल्या. मग काय विचारता? दर्यापूरच्या गाड्या, पातूरच्या गाड्या, अकोल्याहून माघारी वळवलेल्या गाड्या. दिवाळी सरली की वेशीबाहेरच्या गाडीतळावर पांढरा पूर यायचा. बैलांच्या शिंगांना कापूस, बाभळींना कापूस, माणसांच्या मिशांना कापूस. आमच्या वांग्यांवरसुद्धा कापूस बसायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, म्हातारी वांगी नको.

त्या गाडीतळाच्या कडेला गवतानं शाकारलेली नऊ छप्परं होती. तिथं गाडीवानांना भाकरी मिळायची. पहिलंच छप्पर आमच्या शेजारच्या यमुनावैनीचं. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पदरात दोन पोरी. मेळघाटातले बांबू, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड, वर गवत, आत एक मोठी चूल. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि असा ठेचा, की गाडीवान खाताना रडायचे आणि रडत रडत आणखी मागायचे. कापसाचे चार महिने ते छप्पर चाललं की वैनीचं वर्ष निघायचं. ते छप्पर गेलं तर काय, याचा विचार ती करत नसे. करून उपयोगच नव्हता, दुसरं काही नव्हतंच.

आणि नेमका त्याच हंगामात गाडीतळावर एक गाडी पेटली. चिलमीची ठिणगी. माणसं धावली, माती टाकली, गाडीच्या दोन फळ्यांवर निभावलं. पण शहरातल्या शेटमंडळींची झोप उडाली. सरकारनं तेव्हा अमरावतीत नवी नवी कमिटी नेमली होती. गावातले चार-सहा मानकरी निवडायचे, मधे डिप्टी साहेब बसायचा, आणि रस्ता, पाणी, दिवे, घाण, जे काही गावाचं असेल ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ठरवायचं म्हणजे नेमकं कसं, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगू का, त्या मानकऱ्यांतल्या निम्म्यांनाही नव्हतं.

या कमिटीच्या बैठकीला साहेबासाठी हार आणि मानकऱ्यांसाठी विडे पोचवायचं काम माझ्याकडं. हार द्यायला मी कचेरीत जाई आणि हार देऊन झाला की खिडकीखाली टोपली आवरत बसे. टोपली आवरायला मला वेळ लागतो. तुम्ही हसा, पण लागतो.

त्या दिवशीही मी तसाच आवरत होतो. आत मोठी सतरंजी अंथरलेली, मधोमध साहेब, एका अंगाला कापसाचे बडे अडते केसरशेट, दुसऱ्या अंगाला देशमुख, बाकी मंडळी इकडं तिकडं. विडे फिरले. मग शिरस्तेदार उठला, त्यानं कागद उलगडला आणि कीर्तनकारासारखा आवाज लावला. गाडीतळालगतची सर्व गवती छप्परे आठ दिवसांचे आत मालकांनी स्वखर्चाने काढावीत, न काढल्यास सरकार काढील, आणि तळ यापुढे मोकळा राहावा.

माझ्या हातातली टोपली हातातच राहिली.

मी खिडकीतून डोकं वर काढलं. आत कोणी बोलेना. देशमुख गप्प. केसरशेट गप्प. साहेबानं मान हलवली. संपलं की सगळं.

आता थांबा, मला मूर्ख म्हणण्याआधी एक सांगा. आपल्याकडं पंचायत कशी होते? पारावर चार दिवस आरडाओरडा होतो. एकमेकांच्या आज्याचे उद्धार होतात, कोणी रुसून उठून जातो, त्याला हाताला धरून परत आणतात. सगळे भांडून दमले आणि एक झाले की मग गावचं दप्तर लिहिणारा पांड्या दौत काढतो, लिहितो आणि सगळ्यांदेखत वाचतो. कागद वाचला की त्यावर चकार शब्द काढायचा नसतो. वाचणं म्हणजे शेवट. बापजाद्यांपासून हेच पाहिलेलं. मग कागद वाचला आणि सगळे गप्प राहिले, तर माझ्यासारख्यानं काय समजावं?

मी टोपली तिथंच टाकून धावलो.

वाटेत माझ्या डोक्यात विचार आला, की सरकार छप्पर काढील म्हणजे चपराशी येतील, आणि चपराशी आले की बांबू घेऊन जातील. मेळघाटचे बांबू, चांगले जाडजूड. एकदा कचेरीत गेले की गेले. हे कागदात नव्हतं बरं का. हे मी माझ्या पदरचं घातलं. पण वैनीच्या दारात पोचेपर्यंत माझी अशी खात्री झाली होती, जणू शिरस्तेदारानं ते वाक्य दोनदा वाचलं.

वैनी भाकरी थापत होती. मी दम न घेता सगळं सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला. एवढंच म्हणाली, "संपतभाऊ, तुमी सोता ऐकलं?"

"या कानांनी. साहेबानं मान हलवली वैनी, माह्या डोळ्यादेखत."

तिनं तव्यावरची भाकर उलटली, शेकली, समोरच्या गाडीवानाच्या ताटात टाकली, आणि मग पदरानं डोळे पुसले. ते पाहून माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी म्हटलं, रडू नका, निदान बांबू तरी वाचवू, आपणच उतरवू, आताच. आणि कासोटा खोचून वर चढलो.

मंडळी, गवताचं छप्पर उभारायला आठवडा लागतो. उतरवायला चार गाडीवान आणि एक शहाणा पुरतो.

आम्ही वैनीचं छप्पर उतरवतो आहोत हे पाहून शेजारचा तुकाराम आला. काहून उतरवून राहिले, म्हणे. मी सांगितलं. या वेळी आठ दिवसांचे चार झाले. त्याच्या शेजारच्या म्हातारीला सांगताना उद्या सकाळ झाली. पाचव्या छपरापर्यंत पोचलो तेव्हा दंड आला होता, आणि शेवटच्या छपराच्या मालकानं शंका काढली, तेव्हा मला नाइलाजानं त्याला सहा महिने कैद सांगावी लागली. दिवस मावळायच्या आत नऊच्या नऊ छप्परं जमिनीवर. बांबू मोजून माझ्या अंगणात रचले. गवत तिथंच पडलं. लोक येऊन माझे हात धरून गेले, की संपतराव, तुमी होते म्हणून बांबू वाचले. मी म्हटलं, शेजारधर्म आहे. बायको दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीची आठवण झाली. कचेरीत गेलो. दारात करीमभाई चपराशी साहेबाच्या घोड्याचं खोगीर पुसत होता. मी सहज विचारलं, आज स्वारी कुठं?

"तुमच्याच गाडीतळावर," तो म्हणाला. "साहेब अन् सारे मानकरी छप्परं पाहाले चालले."

मला वाटलं, माणसाची काहीतरी गफलत होते आहे. "कोणती छप्परं? त्याचा निकाल तर काल झाला नं."

"कोन म्हने झाला? काल नुसतं वाचलं."

"वाचलं म्हंजे झालं."

करीमभाईनं खोगीर खाली ठेवलं आणि मोठ्या मायेनं माझ्याकडं पाहिलं. "संपतराव, ह्या कमिटीत वाचलं म्हंजे सुरू झालं. आधी वाचतेत, मंग भांडतेत, मंग हात वर करतेत, तवा ठरते. काल तुमी गेले अन् मांगून देशमुख अन् शेटजी दिवे लागेवरी असे भांडले, का दिव्याची वात हालत होती. शेवटी साहेब म्हने, उद्या जाऊन डोळ्यानं पाहू, मंग ठरवू."

मी विचारलं, मग वाचल्यावर सगळे गप्प का होते? तर म्हणे, गप्प नसतील तर काय करतील? सगळ्यांच्या तोंडात तुमचे विडे.

मी तसाच मागं फिरलो. टोपली पुन्हा तिथंच राहिली.

आता काय करायचं? नऊ छप्परं सकाळच्या प्रहरात उभी करायची. धावत जाऊन अंगणातले बांबू खांद्यावर घेतले आणि तळावर गेलो. बांबू होते, पण गवत? गवत कुठं दिसेना. एका पातूरच्या गाडीवानाला विचारलं तर त्यानं बैलांकडं बोट दाखवलं. यंदाचंच नवं गवत, कडब्याची टंचाई, आणि समोर फुकट पडलेलं. चाळीस जोड्या बैलांनी रातोरात नऊ छप्परं खाऊन टाकली होती आणि आता ते शांतपणे रवंथ करत बसले होते.

वैनीला खरं सांगावं लागलं. मी मान खाली घालून सांगितलं, की हुकूम झालाच नव्हता, नुसता कागद वाचला होता. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आपल्या उघड्या चुलीजवळ बसली, थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता तं त्याईले ठरवाची गरजच नाई पडत. पाहाले येतीन, तं जागा मोकळीच दिसन."

तिच्या या एका वाक्यानं मला खरी अक्कल आली. कमिटी हो म्हणाली असती की नाही, कोणास ठाऊक. देशमुख तर आमच्या बाजूनं भांडला होता. पण मीच जाऊन कमिटीचं काम उरकून ठेवलं होतं.

दोन बांबू रोवून झाले, तिसरा खांद्यावर होता, तेवढ्यात धूळ दिसली. पुढं घोड्यावर साहेब, मागं केसरशेटची बैलांची धमणी, तिच्यामागं देशमुख आणि बाकीचे. साहेब उतरला. त्यानं हातातला कागद पाहिला, तळ पाहिला, परत कागद पाहिला, आणि शिरस्तेदाराला मोडक्या मराठीत विचारलं, "छप्पर कुठे आहे?"

शिरस्तेदारानं पगडीखालचा घाम पुसला. केसरशेटचा चेहरा मात्र खुलला. तो म्हणाला की पाहा साहेब, रयत किती समजूतदार, विचार नुसता निघाला आणि त्यांनी आपणहून तळ मोकळा केला, आता यावर भांडायचं काय राहिलं? देशमुखानं मिशीवरून हात फिरवला. तो जुना माणूस. त्याला आपणहून वगैरे पटत नव्हतं. त्यानं जमलेल्या लोकांना विचारलं, की छप्परं काढायला तुम्हाला कोणी सांगितलं?

मंडळी, नऊ घरची माणसं. एका घराचं तोंड दुसऱ्याशी कधी जुळलं नाही. पण त्या वेळी सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली, आणि त्या दिशेला खांद्यावर बांबू घेतलेला मी होतो.

पळावं असं वाटलं नाही, असं म्हणणार नाही. सरकारचा खोटा हुकूम पसरवला तर काय होतं, हे कोणी सांगायची गरज नव्हती. आदल्या दिवशी शेवटच्या छपरावाल्याला मी जी सहा महिन्यांची कैद सांगितली होती, ती आता माझ्याच नावावर दिसायला लागली. पण वैनी तिथं उभी होती. तिनं बोट दाखवलं नव्हतं. सगळ्यांत जास्त नुकसान तिचं, आणि बोट तेवढं तिचं नाही. मग माझ्यानं राहवलं नाही. बांबू खाली ठेवला, पुढं झालो आणि सगळं सांगून टाकलं. खिडकी, टोपली, बांबूंची जप्ती, आठाचे चार, चाराचा एक, काही ठेवलं नाही.

साहेबानं विचारलं, "पुरते न ऐकता तू का गेलास?"

"साहेब, आमच्यात वाचलं का संपते जी."

साहेबानं देशमुखाकडं पाहिलं. देशमुखानं त्याला पंचायतीची रीत समजावून सांगितली, की हा माणूस खोटं बोलत नाही, इकडं भांडण आधी आणि कागद नंतर असतो. साहेब म्हणाला, पण कागद वाचल्यावर कोणी बोललं नाही हा काय प्रकार? देशमुख जरा खोकला. विड्याचं सांगणं त्याला अवघड गेलं, पण सांगितलं. साहेबाच्या मिशा हलल्या. हसला की रागावला, मला शपथेवर सांगता येणार नाही.

आणि तेवढ्यात साहेबानं नाक वर केलं. धूर.

आता पाहा, आदल्या दिवसापर्यंत गाडीवान छपरांत जेवायचे. छप्परं गेली, आडोसा गेला, भाकरी बंद झाली. पोटं तर बंद होत नाहीत. मग ज्यानं त्यानं आपापल्या गाडीशेजारी तीन दगड मांडले, पऱ्हाट्या पेटवल्या आणि तवा ठेवला. आम्ही सगळे छपरांच्या भानगडीत, मागं कोण बघतंय? वळून पाहिलं तर तळभर कापसानं भरलेल्या गाड्या आणि दर दोन गाड्यांच्या मधे एक चूल. वारा सुटलेला. एक गाडीवान तर तोंडानं फुंकर मारून जाळ मोठा करत होता, आणि त्याच्या पाठीला टेकलेली गाडी खुद्द केसरशेटच्या मालाची होती.

शेटजी ओरडले नाहीत. एवढा जड माणूस धमणीवरून कधी उतरला ते कोणाला दिसलं नाही. पगडी एका बाजूला, उपरणं दुसऱ्या बाजूला, आणि नव्या कोऱ्या जोड्यांनी ती चूल तुडवत होते. गाडीवान बिचारा आपली अर्धी भाकर वाचवायला त्यांच्या पायांत.

तेव्हा वैनी पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ शेटजींनाच म्हणाली, "शेटजी, कालवरी इथी नऊ चुली होत्या, आडोशाले, पान्याच्या घागरीजवळ. आज मोजा."

कोणी मोजल्या नाहीत. गरज नव्हती.

साहेबानं त्या धुराकडं पाहिलं. मग त्यानं हुकूम दिला, आणि या वेळी खराखुरा, की सगळ्या चुली आत्ताच्या आत्ता विझवा, गाडीवानांना यमुनाबाईच्या चुलीवर जेवू घाला, आणि कमिटी उद्या पुन्हा बसेल. घोड्यावर चढताना त्यानं माझ्याकडं बोट केलं. हा माणूस उद्या आत बसेल. खिडकीत नाही. आत.

त्या रात्री बायकोनं ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, की उद्या जाताना विडे नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी करीमभाईनं मला दाराशी बसवलं आणि आपण दारात आडवा बसला. मंडळी, गावाचा कारभार बाहेरून ऐकायला फार गोड लागतो. आत बसून पाहा. शिरस्तेदारानं तोच कागद पुन्हा वाचला. मग जे सुरू झालं ते दुपार कलली तरी चालूच. केसरशेट म्हणे, छप्परं कोसभर लांब न्या. देशमुख म्हणे, कोसभर लांब नेलीत तर गाडीवान भाकरीसाठी कोसभर जाईल का, की तुमच्या गाडीखाली दगड मांडील? केसरशेट म्हणे, गवत पेटतं. देशमुख म्हणे, कापूस काय भिजत घातला आहे? एकदा तर शेटजी रुसून उठलेसुद्धा, आणि दोघांनी हाताला धरून त्यांना खाली बसवलं. ते पाहून मला जरा बरं वाटलं. म्हटलं, चला, ही आपलीच पंचायत, फक्त उलटी टांगलेली.

शेवटी तोड निघाली. छप्परं आहेत तिथंच राहावीत, पण गवत नको, वर भाजलेल्या मातीचे कवेलू हवेत. कवेलू भट्टीतून निघेपर्यंत गवतावर मातीचा जाड लेप. प्रत्येक छपरापुढं पाण्याचे चार मोठे घडे कायम भरलेले. गाड्यांच्या रांगेत चूल पेटवायला सक्त मनाई. कवेलू कोणी द्यायचे यावर पुन्हा खडाजंगी व्हायची, पण केसरशेट हळूच म्हणाले की ते मी पाठवतो. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी आपल्या पायांतल्या करपलेल्या जोड्यांकडं पाहिलं.

मग साहेब म्हणाला, कबूल असेल त्यांनी हात वर करा. देशमुखाचा हात सगळ्यांत आधी. एकेक करत बाकीचे. शेटजींचा अर्धा वर आला, तो साहेबानं पूर्ण धरला. माझाही हात वर गेला होता, तो करीमभाईनं खाली ओढला. शिरस्तेदारानं सगळं लिहून काढलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

यमुनावैनीचं छप्पर वाचलं. मला वाटतं, त्या क्षणी मी दोन दिवसांत पहिल्यांदा पुरता श्वास घेतला. छातीवरची धोंड उतरणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

मी पुन्हा धावलो. या वेळी टोपली घेऊन.

नऊच्या नऊ घरची माणसं गाडीतळावर वाट पाहत बसली होती. माझे बांबू, म्हणजे त्यांचे बांबू, मधे रचलेले. मी सगळं सांगितलं. कवेलू, लेप, घडे, हात वर करणं, एक शब्द पदरचा नाही. आणि वाट पाहिली, की आता लोक उठतील, बांबू उचलतील.

एक माणूस हलला नाही.

सगळे वैनीकडं पाहत होते. वैनीनं मला विचारलं, "पुरं ऐकलं?"

"पुरं ऐकलं."

"हात वर केले?"

"सगळ्यायनं."

"साहेब उठले?"

"उठले."

"अन् सतरंजी गुंडाळली?"

आता सतरंजी कोण पाहतो? मी म्हटलं, वैनी, ठराव झाला, वाचून झाला, सतरंजीचा काय संबंध? ती म्हणाली, "संबंध तुमीच पाहून या भाऊ. सतरंजी गुंडाळल्याबिगर मी बांबूले हात नाई लावत." तुकारामानं मान डोलावली. म्हातारीनंही डोलावली. माझी बायको तिथंच उभी होती. तिनं तर सर्वांच्या आधी डोलावली.

काय करता? चाळिशी ओलांडलेला माणूस मी, उन्हातान्हात परत कचेरीत गेलो. करीमभाई एकटाच होता. मला पाहून म्हणाला, बरं झालं आले, हे टोक धरा. सतरंजी मोठी, एकट्याला आवरत नव्हती. दोघांनी मिळून झटकली, गुंडाळली, दोरीनं बांधली, कोपऱ्यात उभी केली.

धुळीनं माखलेला मी तळावर परत आलो. वैनीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, माझ्या खांद्यावरची सतरंजीची धूळ बोटानं पुसून उजेडात नीट तपासली, आणि मग मागं वळून म्हणाली, "हाव, खरं आहे. उचला बांबू."